मुलीचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास : वर्षभरानंतरचा अनुभव

लेक सात वर्षांची आहे. पुण्यात कोथरूडच्या बाजूला एका जुन्या व्यायामशाळेत ती जिम्नॅस्टिक्सला जाते, त्याला आता वर्ष होत आलं. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच क्लासमध्ये दोन मुलांना दोन वेगळे सर मिळतात आणि अनुभव तिथेच बदलतो. काय बघायचं, ते मात्र सविस्तर लिहिते, कारण प्रवेश घेताना मला असं सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. जिम्नॅस्टिक्स म्हणजे एकच खेळ नाही. आर्टिस्टिकमध्ये मुलींना व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी), अनईव्हन बार (उंच-सखल दोन दांडे), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) असे चार प्रकार असतात, मुलांना सहा. रिदमिकमध्ये रिबन, हूप, चेंडू वगैरे. शिवाय एरोबिक, ॲक्रोबॅटिक आणि ट्रॅम्पोलिन. ऑलिम्पिकमध्ये आर्टिस्टिक, रिदमिक आणि ट्रॅम्पोलिन एवढेच आहेत. बाहेरच्या बोर्डावर नुसतं ‘जिम्नॅस्टिक्स’ लिहिलेलं असतं, त्यामुळे यातलं नेमकं काय शिकवता आणि कोणती साधनं आहेत हे थेट विचारा.

प्रवेशाआधी आम्ही तीन ठिकाणं पाहिली. एक सोसायटीच्या क्लबहाऊसमधला क्लास, रंगीत फोम, आरसे, एसी. मुलं खूश होती, पण साधन एकही नव्हतं आणि मोठी मुलंही तीच कार्टव्हील (हातांवरून आडवी कोलांटी) करत होती. दुसऱ्या ठिकाणी साधनं उत्तम, भिंतभर पदकं. तिथे स्प्लिट (दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकणं) बसत नव्हता म्हणून एका पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यांवर दोन्ही हातांनी भार देऊन तिला खाली दाबलं जात होतं. ती रडत होती आणि पलीकडची मुलं तिकडे बघतही नव्हती. म्हणजे हे रोजचंच. पालकांनी गेटबाहेर थांबायचं असाही नियम होता. आम्ही दहा मिनिटांत निघालो.

तिसरी ही व्यायामशाळा. पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात मल्लखांब, दारातून शिरताच एरंडेलाचा वास. दिसायला काहीच नाही. पण पहिल्याच दिवशी सरांनी लेकीला अनवाणी चालायला लावलं आणि तिचे तळपाय पाहिले. ते सपाट आहेत. ‘हिला हे झेपायचं नाही’ असं घरात दोघातिघांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सर म्हणाले, “दीपा कर्माकरचे पायही सपाटच होते. बोटांचे व्यायाम देतो, रोज करून घ्या.” जमिनीवर पसरलेला नॅपकिन पायाच्या बोटांनी गोळा करायचा, भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहायचं, सावकाश खाली यायचं. आगरतळ्याची ही जिम्नॅस्ट दीपा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली होती, कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. लेकीला हे सांगितल्यापासून नॅपकिनचा व्यायाम ती न विसरता करते.

सुरुवातीचे कित्येक आठवडे शिकवलं काय, तर उतरायचं आणि पडायचं. छोट्या ठोकळ्यावरून उडी. गुडघे वाकलेले पण आत न वळलेले, हात समोर आणि तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. मागे तोल गेला तर हनुवटी छातीला लावून गोल पाठीवर लोळायचं, हात मागे टेकायचे नाहीत. “हात टेकलास की मनगट गेलं,” हे वाक्य मला पाठ झालंय. शेजारच्या क्लासची मुलं तोवर हँडस्टँडचे व्हिडिओ टाकत होती आणि आमच्या बॅचमधल्या काही पालकांनी कुरकुर केली. मला मात्र हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. परवा ती सायकलवरून पडली तेव्हाही आपसूक अंग गोल करून लोळली.

बीमचंही तसंच. आधी जमिनीवर खडूची रेघ, मग जमिनीलगतची बीम, मग गुडघ्याएवढी. स्पर्धेची बीम सव्वा मीटर उंच आणि फक्त १० सेंटीमीटर रुंद असते. लेक अजून तिच्यावर चढलेली नाही आणि चढायची घाईही नाही. आंतरराष्ट्रीय सीनियर गटात मुलींना ज्या वर्षी १६ पूर्ण होतात त्या वर्षापासूनच उतरता येतं. सात वर्षांच्या पोरीला पळवायचं कशासाठी?

सपोर्ट देण्याची, म्हणजे कसरत करताना मुलाला हाताने धरून आधार देण्याची पद्धत नीट बघा. आमचे सर आणि ताई हात लावण्याआधी बोलतात, “कमरेला धरतेय हं, आता जा.” मुलीला कुठे आणि का धरलं हे तिला कळतं, बाकावर बसलेल्या पालकांनाही दिसतं. अमेरिकेत राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली शेकडो मुलींवर अत्याचार केल्याचं उघड झालं आणि २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली. तेव्हापासून या खेळात मुलीला कोण, कुठे आणि का हात लावतं हा प्रश्न कोणत्याही पालकाने संकोच न करता विचारावा असं मला वाटतं. पालकांना बसू देत नाहीत अशी जागा माझ्या यादीतून तिथेच बाद.

दिवाळीनंतर लेकीचं मनगट दुखायला लागलं. सरांनी स्वतःहून तिचं हातावर भार देणारं सगळं बंद केलं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळचा भाग नाजूक असतो, त्यावर सतत भार नको, असं डॉक्टरांनीही सांगितलं. बरं होईपर्यंत ती रोज गेली, पण पाय आणि पोटाचेच व्यायाम केले. फी चालू, मूल घरी, असं झालं नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवत नाही, पंखे पुरत नाहीत. कपडे बदलायला धड जागा नाही आणि मुलींची स्वच्छतागृहं नियमित साफ होत नाहीत, हे मी लेखी कळवलंय. मोठी बीम एकच आहे, त्यामुळे पुढच्या बॅचमध्ये रांग लागते. जिल्हा स्पर्धा जवळ आल्या की सर मोठ्या मुलांमध्ये अडकतात आणि लहान बॅच सीनियर मुली घेतात. त्या मुली गुणी आहेत, पण वीस मुलांवर एकटीची नजर राहत नाही. त्या दिवसांत मी तासभर बसूनच राहते. वेळ बदलल्याचा निरोप रात्री दहाला व्हॉट्सॲपवर येतो, नोकरी करणाऱ्यांना तो त्रास आहेच.

क्रीडा गुणांविषयीही (दहावी-बारावीच्या निकालात खेळासाठी मिळणारे वाढीव गुण) पालक पहिल्याच दिवशी विचारतात. त्यासाठी शालेय किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धा लागतात आणि शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील गटांत होतात. कुठल्यातरी ‘राष्ट्रीय’ नावाच्या स्पर्धेची फी मागितली तर आधी ती कोणाची आहे ते विचारा. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकाही स्पर्धेचा आग्रह झाला नाही.

जूनपासून धाकट्यालाही इथेच घालतोय. मुलांच्या सहा साधनांपैकी इथे रिंग (लटकत्या कड्या) आणि पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा) नाहीत. सरांनी सरळ सांगितलं, की नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत अडणार नाही, पुढे त्याला आवड राहिलीच तर सगळी साधनं असलेल्या ठिकाणी मी स्वतः पाठवीन. बघायला जायचं असेल तर संध्याकाळी लहान मुलांच्या बॅचला जा आणि शेवटचा अर्धा तास बसा, मुलं दमलेली असतात तेव्हा.