बाळ-बाळंतिणीची मालिश करणाऱ्या मावशी, इंदिरानगर नाशिक : माझा अनुभव

नाशिकमध्ये बाळाच्या मालिशसाठी कोणी चांगलं आहे का असं बऱ्याच जणी विचारत असतात म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. इंदिरानगर, राणेनगर, पाथर्डी फाटा या बाजूला घरी येणाऱ्या एक मावशी आहेत, बाळाची मालिश आणि अंघोळ, बाळंतिणीची मालिश, असं सगळं करतात. त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये कारण अनोळखी फोन त्यांना नको असतात, पण या भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर विचारलंत तर कोणीतरी सांगेलच.

आधी आम्ही एका एजन्सीकडून बाई लावली होती. पैसे अॅडव्हान्स घेतले आणि दर दोन-चार दिवसांनी नवीन बाई, एक तर हात न धुताच बाळाला उचलायला आली, एवढ्याशा जिवाला रोज नवे हात नकोत म्हणून आईने तिसऱ्या बाईनंतर सरळ बंदच केलं. मग शेजारच्या काकूंनी या मावशी सांगितल्या.

पहिल्या दिवशी मावशी आल्या आणि बाळाकडे न जाता माझ्याजवळ बसल्या. सिझर आहे का नॉर्मल, टाके कसे आहेत, ताप येऊन गेला का, दूध उतरलं का, आणि मग पाय बघितले. दोन्ही पायांना सूज असली तर चालतं म्हणे पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय तर मी हात लावणार नाही, आधी डॉक्टर. मी नंतर माझ्या डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या अगदी बरोबर आहे, बाळंतपणानंतर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि अशा वेळी चोळणं म्हणजे संकटच. तिथेच मला या बाईंवर भरवसा बसला.

माझं सिझर असल्याने पोटाला त्यांनी सहा आठवड्यांचं चेकअप होईपर्यंत हातच लावला नाही, पाठ, कंबर, खांदे, मान आणि पाय एवढंच. रात्रभर मान वाकवून दूध पाजून पाजून खांद्यांचं जे होतं ना ते ज्या पाजतायत त्यांनाच कळेल, मावशींनी खांद्यावर अंगठा फिरवला की मला रडूच यायचं आणि त्या काही बोलायच्या नाहीत, चोळत राहायच्या. "पोरी, जेवलीस का तू?" हे रोज विचारणाऱ्या त्या एकट्या होत्या. घरात येणारा प्रत्येक माणूस बाळाचं वजन विचारतो, बाळ कोणासारखं दिसतं ते सांगतो, आणि आईने सकाळपासून केस विंचरलेत का हे कोणी बघत नाही, आमच्याकडे सगळे प्रेमळ आहेत तरीही हे असंच झालं. माझ्या मते या सेवेचे निम्मे पैसे याच गोष्टीचे आहेत.

बाळाची मालिश खोबरेल तेलानेच करतात, घाण्याचं असेल तर उत्तम म्हणतात. मोहरीचं तेल आमच्या नणंदेने आणून दिलं होतं पण बाळाच्या कातडीला ते झोंबू शकतं म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नको सांगितलं, मावशींनी एका शब्दाने वाद घातला नाही. टाळूवर तेल फक्त बोटाने हलकं टेकवायचं, दाबायचं नाही. पाय पसरून पायावर घेऊन अंघोळ घालतात ती तर बघत राहावी अशी, पाणी आधी कोपराने बघतात, सगळे कपडे, टोपडं, दुपटं हाताशी उलगडून ठेवलेलं असतं, आणि नाशिकची डिसेंबरची थंडी माहितीये ना, पाच-सात मिनिटांत बाळ पुसून गुंडाळून बाहेर. बाळ पहिले काही दिवस किंचाळायचं, नंतर मालिशच्या वेळी टक लावून मावशींच्या तोंडाकडे बघायला लागलं आणि अंघोळीनंतर दूध पिऊन सलग झोपायचं, त्यात माझीही झोप व्हायची.

आता ज्या गोष्टी तुम्हाला स्वतः सांगाव्या लागतील त्या सांगते. मावशी जुन्या वळणाच्या आहेत, नाकात-कानात तेलाचे थेंब, बाळाची छाती दाबून चीक काढणं, काजळ, मध लावून गुटी, धुरी, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलंय आणि आमच्या सासूबाईंचंही तेच मत होतं. पण नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, छाती आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे फुगलेली असते आणि आपोआप बसते, दाबली तर पिकू शकते. मधाने एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, काजळात शिसं असू शकतं. हे आमच्या डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं आणि मी तो कपाटाला चिकटवला, म्हणजे रोज माझ्या तोंडाने नको. सासूबाईंना म्हटलं आई, तीट तळपायाला लावा हवी तेवढी. त्यांनी लावली. शेगडीचंही तसंच, बंद खोलीत कोळसे पेटवून शेक घ्यायचा नाही म्हणजे नाही, कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि जीव जाऊ शकतो. आम्ही गरम पाण्याची पिशवी वापरली.

एका ठिकाणी मात्र माझं आणि मावशींचं जमलं नाही. माझ्या छातीत दुधाची गाठ झाली तेव्हा त्या जोर लावून दाबायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. डॉक्टरांनी थंड शेक, हलका हात आणि बाळाला नेहमीसारखं पाजत राहा एवढंच सांगितलं, ताप आला तर लगेच या म्हणाल्या. दोन दिवसांत उतरलं. तेव्हा हा भाग मालिशवाल्या कोणाच्याही हातात देऊ नका.

मालिशने बाळाचं वजन वाढतं असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका, वजन दुधाने वाढतं, दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शूने कपडे ओले होतायत का ते बघा. कोवळ्या उन्हात घेतलं तरी व्हिटॅमिन डी चे रोजचे ४०० युनिटचे थेंब चालूच ठेवायचे. दीड महिन्याची लस दिली तेव्हा मावशींनी स्वतःहून मांडीला हात लावला नाही, याचं मला कौतुक वाटलं. आणि त्याच सुमाराला बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं, संध्याकाळी तासन्‌तास, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं धैर्य सुटलं होतं, मावशी म्हणाल्या तीन महिन्यांनी कमी होईल आणि झालंही.

अजून एक, हे मावशींचं काम नाही पण त्यांच्यामुळेच झालं. माझं रडणं दोन आठवड्यांनंतरही थांबेना, बाळ झोपलं तरी मला झोप नाही, तेव्हा त्यांनीच आईला बाजूला घेऊन सांगितलं की हिला डॉक्टरकडे न्या, हे नजर-बिजर नाहीये. गेलो, औषध नाही लागलं, समुपदेशन लागलं, आता मी खूप बरी आहे. ज्यांना कोणाला असं होतंय त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पैसे दोघांचे मिळून रोजचे ४०० घेतात, फक्त बाळाचे २५०, तेल-टॉवेल आपलं. रविवारी सुट्टी. वेळ मात्र पक्की नाही, नऊ सांगून कधी साडेदहा, आणि भुकेलं बाळ थांबत नाही त्यामुळे तेवढा त्रास होतो. गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड एवढ्या लांब येत नाहीत. हिवाळ्यातली डिलिव्हरी असेल तर सातव्या महिन्यातच सांगून ठेवा, दिवाळीनंतर त्यांच्याकडे जागा नसते.