दारव्ह्याहून आणलेला कॅरम, चार महिन्यांनंतर
दिवाळीत कापूस विकला, तेव्हा नऊ वर्षांच्या लेकासाठी २६ इंची कॅरम घेतला. प्लाय बरा आहे. पण एका कोपऱ्याची जाळी पंधरवड्यातच उसवली, आईनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवली. सोंगट्याही हलक्या. दुकानदार म्हणे, "बदलून भेटत नाही, भाऊ."

तरी पैसे वसूल. आधी हा हरला की सोंगट्या उधळायचा. मग ओसरीवर गल्लीतले चौघं जमायला लागले अन् त्यांनीच कायदा केला: राणी कव्हर नाही झाली तर परत मधात, उधळणाऱ्याला दोन दिवस बंदी. पहिली बंदी यालाच. खांबाआडून पाहत राहिला, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं येऊन बसला. डीएडला वाचलेला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे आठवला. त्यानं गोट्या खेळणाऱ्या पोरांना नियम विचारले, १९३२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. दहाच्या आसपास पोरांना उमगतं, नियम आपसात ठरवून बदलताही येतात.

परवा शेजारची सहा वर्षांची पोरगी खेळायला बसली, तर तिला यांनी एक चान्स ज्यादा दिला. "लहान हाय ते." मोठ्या कुणी सांगितलं नव्हतं.

पावडर मात्र वेगळी घ्या, सोबतची निव्वळ चुना आहे.