साधा एफएम२ की टायटॅनियमचा एफएम२/टी?

भाच्याने विचारलं, "मामा, पहिला फिल्म कॅमेरा म्हणून निकॉनचा साधा एफएम२ घेऊ की टायटॅनियमचा?" दोन्ही हाताळलेत, म्हणून सांगतो.

आतलं यंत्र सारखंच. १ सेकंद ते १/४००० पर्यंतचे सगळे शटर वेग बॅटरीशिवाय चालतात; दोन बटण सेल फक्त मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेसाठी. वापरायची पद्धतही एकच. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर थोडी बाहेर ओढली, शटरचं बटण हलकं दाबलं की मीटर जागा होतो. आत बघताना दिसणाऱ्या अधिक-उणे दिव्यांमधला गोल पेटेपर्यंत लेन्सचं छिद्र किंवा शटरचा वेग बदलायचा. रोल भरल्यावर लिव्हर फिरवताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरतेय ना, हे दरवेळी बघ; फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाहीये. माझा एक अख्खा रोल तसाच कोरा गेला होता, अजून जीव हळहळतो.

वजनात फरक जेमतेम २५ ग्रॅमचा, गळ्यात जाणवत नाही. टिकाऊपणात टायटॅनियमचं वरचं-खालचं कवच आणि मागचं दार ठोकर जास्त सोसतं, पण साध्याचं अंगही दणकट आहे.

खरा फरक किमतीत. एफएम२/टी १९९३ मध्ये आला, थोडीच वर्षं बनला, म्हणून महाग. त्याची १९९४ ची 'श्वानवर्ष' (चिनी पंचांगातलं कुत्र्याचं वर्ष) आवृत्ती तर फक्त ३०० नगांची. ती हाती आली तर माणूस पावसात बाहेर काढायलाच कचरेल.

शिकायचं, भटकायचं असेल तर साधा घे आणि उरलेल्या पैशांत ५० मिमीची चांगली लेन्स आणि रोल. टायटॅनियम संग्राहकासाठी, किंवा खडकाळ डोंगरात रोज कॅमेरा आपटणाऱ्यासाठी.