हळदीच्या गोदामातील इंडक्शन दिवे : उजेड उत्तम, चोकची पंचाईत

सांगलीच्या मार्केट यार्ड परिसरातील हळदीच्या एका गोदामासाठी आणि त्यासमोरच्या माल उतरवण्याच्या आवारासाठी काही वर्षांपूर्वी इंडक्शन दिवे घेण्यात आले. शेडमध्ये ४०० वॅटचे मेटल हॅलाइड (पांढऱ्या उजेडाचे जुन्या धर्तीचे दिवे) होते, त्यांच्या जागी इंडक्शनचे २०० वॅटचे हाय-बे, म्हणजे उंच छताला टांगायचे दिवे, लागले. आवारातल्या खांबांवर २५० वॅटचे सोडियम, म्हणजे पिवळ्या उजेडाचे दिवे होते, तेथे १५० वॅटचे इंडक्शन दिवे आले. दिव्यांची देखभाल आणि विजेचे बिल ही दोन्ही कामे माझ्याकडेच असल्यामुळे माहितीपत्रकातले कोणते दावे टिकले आणि कोणते ढिले पडले, हे आता पुरेशा खात्रीने लिहिता येते.

हा दिवा मुळात ट्यूबलाइटच्याच जातीचा आहे. फरक एवढाच की ट्यूबलाइटच्या दोन्ही टोकांना असलेली आणि पुढे जळून जाणारी तार यात नसते. बंद काचनळीला बाहेरून फेराइट या चुंबकीय पदार्थाची कडी बसवलेली असतात; त्यांवरील वेटोळ्यांतून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडला की नळीतील पाऱ्याची वाफ चेतवली जाते, तिच्यातून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला लेप त्यांचे पांढऱ्या उजेडात रूपांतर करतो. तारेविना दिवा पेटवण्याचे प्रयोग निकोला टेस्ला यांनी १८९०च्या दशकातच करून दाखवले होते. बाजारात मात्र असे दिवे १९९०च्या दशकात फिलिप्स, जीई आणि ओसराम या कंपन्यांमुळे रुळले.

आमच्या धंद्यात या दिव्यांचे पहिले मोल रंगासाठी आहे. हळकुंड मोडून आतला गाभा पाहिल्याखेरीज मालाचा अंदाज येत नाही, आणि सोडियमच्या उजेडात गाभा केशरी आहे की फिकट, हे अनुभवी माणसालाही ठामपणे सांगता येत नाही, कारण तेथे हळदच काय, पोतेसुद्धा पिवळेच दिसते. रंग खरे दाखवण्याच्या १०० गुणांच्या मोजपट्टीवर सोडियमचा दिवा २० ते २५च्या घरात राहतो, तर इंडक्शन ८०च्या पुढे जातो. रात्री उशिरा ट्रक आला आणि उतरवता उतरवताच वेगळ्या प्रतीची पोती बाजूला काढायची असली, तर हा फरक हमालांच्याही लगेच लक्षात येतो. भावाचा निर्णय अर्थातच दिवसाउजेडीच व्हावा. कोणत्याही दिव्यावर तेवढा विश्वास टाकू नये.

दुसरा लाभ वीज गेल्या-आल्यावर कळतो. मेटल हॅलाइडचा दिवा एकदा विझला की थंड होऊन पुन्हा पेटायला सहज दहा-पंधरा मिनिटे घेतो, आणि तेवढा वेळ थप्पीवर चढलेला माणूस अंधारात अडकून राहतो. इंडक्शन दिवा वीज येताच पेटतो. पूर्ण तेजावर यायला त्याला थोडा अवधी लागतो, पण काम थांबत नाही. उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येत असल्याने डोळ्यांना बोचत नाही, आणि त्याची लुकलुक जाणवत नाही. पॉलिशचा ड्रम किंवा पट्टा फिरत असलेल्या ठिकाणी हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण लुकलुकत्या उजेडात फिरते यंत्र कधी कधी थांबल्यासारखे भासते.

बिलाचा हिशेब सोपा आहे. २५० वॅटचा सोडियम तांब्याच्या चोकसह प्रत्यक्षात २८० वॅटच्या आसपास खेचतो आणि १५० वॅटचा इंडक्शन १६०च्या. रोज ११ तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला सुमारे ४८० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर ४,८०० रुपये. हा आकडा विक्रेत्यानेही दिला होता आणि तो खरा आहे. त्याने जे सांगण्याचे टाळले ते असे, की २५० वॅटचा नवा सोडियम २७,००० लुमेनच्या (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे माप) जवळपास प्रकाश देतो आणि १५० वॅटचा इंडक्शन जेमतेम १२,०००. म्हणजे बचतीचा मोठा भाग उजेड कमी करून मिळालेला आहे. मंद प्रकाशात आपला डोळा निळसर-हिरवट छटेला अधिक दाद देतो, त्यामुळे पांढरा उजेड मोजमापापेक्षा जास्त वाटतो आणि आवारात प्रत्यक्षात कोणाची तक्रार आली नाही, हे खरे. परंतु लक्स मीटर (जागेवर पडणारा उजेड मोजणारे यंत्र) लावून ठरावीक पातळी दाखवावी लागणाऱ्या कारखान्याने केवळ वॅटची तुलना पाहून खरेदी करू नये. शिवाय नळी मोठी असल्यामुळे तिचा उजेड एका दिशेला एकवटत नाही. उंच मास्टवरून मैदान उजळण्यासाठी हा दिवा निरुपयोगीच म्हणावा लागेल.

एक गमतीची अडचणही नोंदवावीशी वाटते. आमच्या दिव्यांची वारंवारिता २५० किलोहर्ट्झ आहे आणि तिचा उपद्रव तिच्या पटींवरही उमटतो; तिची पाचपट होते १,२५०, आणि सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर लागते ती १,२५१ किलोहर्ट्झवर. फाटकावरील खोलीतला रेडिओ त्यामुळे दिवे लागले की शिट्टी मारू लागतो. रखवालदाराने तो खिडकीपासून दूर हलवला तेव्हा आवाज कमी झाला, पण पुरता गेला नाही.

आता मुख्य मुद्दा आयुष्याचा. ‘१,००,००० तास’ हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकावर ठळक छापलेला असतो आणि रोज ११ तासांच्या हिशेबाने तो सुमारे २५ वर्षांचा होतो. काचनळीपुरता हा दावा मला अशक्य वाटत नाही, कारण तिच्यात झिजणारा भागच नाही. आमची एकही नळी अद्याप गेलेली नाही, उजेड तेवढा वर्षागणिक थोडा उतरत चालला आहे. परंतु दिवा म्हणजे केवळ नळी नव्हे. तिला उच्च वारंवारितेचा प्रवाह पुरवणारी पेटी, जिला आमचे वायरमन सरळ चोक म्हणतात, ती इलेक्ट्रॉनिक आहे, आणि तिच्यातील कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) उष्णतेने सुकतात. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंश असताना पत्र्याच्या छताखाली किती होत असेल, याचा अंदाज सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. आमच्या शेडमधल्या पेट्या आवारातल्या पेट्यांच्या बऱ्याच आधी जाऊ लागल्या. पहिल्या काही हमीत बदलून मिळाल्या. पुढे विक्रेत्याने ते मॉडेल बंद झाल्याचे कळवले, आणि दुसऱ्या कंपनीची पेटी जुन्या नळीशी जुळत नाही. परिणामी धडधाकट नळ्या पेटीवाचून पडून आहेत. पेट्या छताला न लावता लांब वायरने भिंतीवर खाली बसवता येत असतील तर तसेच करावे, असा माझा आग्रह राहील. मात्र उत्पादकाने वायरची लांबी ठरवून दिलेली असते, ती ओलांडू नये.

देखभाल म्हणावी तर काच पुसण्याचीच. हळदीची धूळ काचेवर चिकट थर धरते आणि नुसत्या फडक्याने निघत नाही. साबणाच्या कोमट पाण्याने, दिवा बंद करून व गार झाल्यावर पुसली की फरक जमिनीवर दिसतो. पावसाळ्यात पांढऱ्या उजेडावर किडे सोडियमपेक्षा जास्त येतात, म्हणून झाकणाचे रबर तपासून घ्यावे.

आज नव्याने खरेदी करायची असेल तर मी इंडक्शन घेणार नाही. २०१५नंतर पथदिव्यांच्या सरकारी योजनांमुळे एलईडीच्या किमती वेगाने उतरल्या. आता चांगला एलईडी वॅटला १२० लुमेनहून अधिक देतो, म्हणजे आमच्या १५० वॅटचे काम १०० वॅटमध्ये होते आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी पेटी) गेला तर तो सांगलीतच दुकानात मिळतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जुना साठा स्वस्तात देऊ करणारे भेटतात. त्यांच्याकडे प्रथम सुट्या पेट्या किती आहेत हे विचारावे आणि जोडीला दोन-तीन मिळत नसतील तर सौदा सोडून द्यावा. ज्यांच्याकडे दिवे आधीच लागलेले आहेत त्यांनी ते घाईने उतरवू नयेत; आम्हीही आवारातले तसेच ठेवले आहेत आणि शेडमधले बंद पडतील तशी त्यांची जागा एलईडीला देत आहोत. उतरवलेली नळी भंगारवाल्याकडे फोडायला मात्र देऊ नये. तिच्यात पारा असतो, आणि असे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येत असल्याने ते अधिकृत संकलकाकडेच जायला हवेत. आमच्या नळ्या त्यासाठी मूळ खोक्यांतच बांधून ठेवल्या आहेत.