इमेजमॅजिक: आडवा पडलेला नवरदेव ह्यानं उभा केला

परभणीत आपलं फोटो प्रिंटचं छोटं दुकान. मागच्या लग्नसराईत एका मामांनी आयफोनमधले हळदीचे फोटो आणून दिले, रिसेप्शनला स्क्रीनवर लावायचेत म्हणले. सगळे एचईआयसी, म्हणजे आयफोन ज्या प्रकारच्या फाइलीत फोटो साठवतो ती, 2017 ला आयओएस 11 आल्यापासून ही कटकट सुरूच हाय. मी घाईत एका फुकट कन्व्हर्टरमधी टाकून जेपीजी केले (नाव घेत नाही), दुकानात उघडून बघितले, सगळे बरोबर उभे, दिला पेनड्राइव्ह. संध्याकाळी मामांचा फोन, "अवं दादा, आमचा नवरदेव काहून झोपलाय? सगळे पाहुणे माना वाकड्या करून बघायलेत इकडं!"

लॅपटॉप घेऊन पळालो कार्यालयात. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला, तो म्हणला मामा इमेजमॅजिक नावाचं फोटो बदलायचं सॉफ्टवेअर टाका, आणि तिथंच खुर्चीवर बसून पहिल्यांदा वापरलं.

भानगड अशी की फोन उभा धरला तरी सेन्सर फोटो आडवाच साठवतो आणि सोबत एक्झिफमधी (फोटोच्या फाइलीतच लपलेली माहिती) ओरिएंटेशनचा, म्हणजे फोटो कुठल्या बाजूनं धरायचा त्याचा, एक आकडा लिहून ठेवतो, 1 ते 8. 1 म्हणजे हाय तसा, 3 म्हणजे उलटा, 6 म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा 90 अंश फिरवून दाखवा, 8 म्हणजे उलट्या बाजूनं, बाकीचे चार आरशातल्यावानी. माझ्या कॉम्प्युटरनं तो 6 वाचला, कार्यालयातल्या टीव्हीनं वाचलाच नाही. एचईआयसीत तर फिरवायची आणखी एक वेगळी सूचना फाइलच्या आत असते, काही कन्व्हर्टर ती पाळून फोटो खरंच फिरवतात पण 6 पुसायचं विसरतात, मग नवरदेव दुसऱ्या कुशीवर!

इमेजमॅजिकमधी मोग्रिफाय म्हणून कमांड हाय, तिला ऑटो-ओरिएंट हा ऑप्शन जोडला की आकडा वाचून पिक्सेलच फिरवतं आणि आकडा 1 करून टाकतं. मग टीव्ही कसलाबी असू द्या. नंतर दुकानात मूळ एचईआयसीवर करून बघितलं तर ते पण सरळ निघाले. 1990 पासूनचं सॉफ्टवेअर, एक रुपया लागत नाही, जाहिरात नाही, गिऱ्हाइकाचे फोटो कुठं अपलोड करायचे नाहीत, बायाबापड्यांचे फोटो असतात राव.

एक स्टार कापतो. बटणं नाहीत, काळ्या खिडकीत टाईप करावं लागतं, आणि मोग्रिफाय जेपीजीवर चालवलं की मूळ फाइलवरच लिहितं, विचारत पण नाही, त्यामुळं आधी कॉपी काढा म्हणजे काढाच. अजून एक, स्ट्रिप म्हणून ऑप्शन हाय, ते फोटोसोबतची लपलेली माहिती काढून टाकतं, फाइल हलकी होते म्हणून लोक डोळे झाकून लावतात. ते ऑटो-ओरिएंट न करता नुसतं लावलं तर आकडाच उडतो आणि फोटो कायमचा आडवा. वरून कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी माहिती) पण जातं, आयफोनच्या फोटोत हळद फिक्की दिसती. घराचं लोकेशन तेवढं काढायचं असंल तर एक्झिफटूल नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं फक्त जीपीएस काढा, बाकीच्याला हात लावू नका.

त्या रात्री जेवणाची दुसरी पंगत बसेपर्यंत फोटो सरळ झाले. मामांनी पैसे दिले, पण अजून बाजारात भेटले की मान वाकडी करून रामराम घालतात.