गो-कार्टचा ट्रॅक चांगला, सहीचा कागद कुचकामी

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी माझ्या दोन भाच्यांना घेऊन यवतमाळ जिल्ह्यातील एका कृषी पर्यटन केंद्रात गेलो होतो. हुरडा आणि भरीत-भाकर यांबद्दल काहीच तक्रार नाही. हे परीक्षण मात्र तिथल्या गो-कार्टच्या, म्हणजे शर्यतीच्या छोट्या, उघड्या गाड्यांच्या, ट्रॅकचे आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण असाच कागद आणि अशीच व्यवस्था मी आणखी दोन ठिकाणी पाहिली आहे. मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे अशा ठिकाणी गेल्यावर, उद्या इथे एखादा मेला तर पंचनाम्यात काय लिहिले जाईल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. बायको याला रोग म्हणते.

ट्रॅक डांबरी, गुळगुळीत आणि रुंदीला पुरेसा आहे. तीनशे रुपयांत आठ फेऱ्या मिळतात, गाड्यांचे ब्रेक चांगले लागतात आणि पोरांना मजा येते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या दोन वळणांवर जुने टायर पट्ट्याने एकमेकांना घट्ट बांधून रचले आहेत. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत अवघड वळणावर मात्र ते नुसतेच एकावर एक ठेवलेले होते. मला मिळालेल्या हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्याचे बक्कल तुटले होते आणि तो पट्टा सुतळीने बांधला होता. "बदलवून द्या," असे म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने हसून उत्तर दिले, "काही नाही होत भाऊ, इथं कोणी पडत नाही."

तिकिटासोबत एक छापील कागद सहीसाठी पुढे येतो. शर्यतीदरम्यान दुखापत अथवा मृत्यू झाल्यास संस्था कोणत्याही प्रकारे जबाबदार राहणार नाही, असा त्याचा मजकूर आहे, आणि सही केली की आपला हक्क संपला असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. खेळात जो धोका मुळातच असतो, म्हणजे वळणावर गाडी घसरणे किंवा शेजारच्या गाडीचा धक्का लागणे, तो आपण पत्करला, एवढेच फार तर त्या सहीवरून म्हणता येईल. तुटके बक्कल, मोकळे टायर आणि पुढे गाडी अडकली असताना इशाऱ्याचा झेंडा न दाखवणारा माणूस हे धोके आपण पत्करलेले नसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीसोबत अनुचित कराराचीही व्याख्या आहे, आणि ग्राहकाच्या हक्कांना मोठी बाधा आणणारी एकतर्फी अट त्या व्याख्येत बसते, असा युक्तिवाद करायला भरपूर जागा आहे. मृताच्या पती-पत्नीला, आईवडिलांना आणि मुलांना नुकसानभरपाई मागण्याचा हक्क तर १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्यापासून आहे. फौजदारी गुन्हा अशा कागदाने माफ करता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

माझा धाकटा भाचा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या कागदावर पालक म्हणून मीच सही केली. मामा हा कायद्याने पालक होत नाही, हे मला माहीत होते आणि काउंटरवर कोणी विचारले नाही. माझी चूक लपवून दुसऱ्याची सांगणे बरे नव्हे, म्हणून हे लिहिले.

पाचव्या फेरीत मोठ्या भाच्याची गाडी तिसऱ्या वळणावर गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने उभी राहिली. अशा वेळी पिवळा झेंडा दाखवून मागच्यांना थांबवायचे असते. झेंडेवाला मुलगा मोबाइलमध्ये होता. मागून आलेल्या गाडीने सरळ धडक दिली, टायरांची चळत कोसळली आणि भाच्याचा गुडघा सुजला, एवढ्यावर निभावले.

त्या जागी मृत्यू झाला असता तर? हयगयीने मृत्यू घडवणे हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि पूर्वीची दोन वर्षांची कमाल शिक्षा आता पाच वर्षांवर गेली आहे. प्रत्येक धडक मात्र त्यात बसत नाही. संहितेच्या कलम २५ मध्ये करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले आहे: खेळ सचोटीने चालला असताना इजा झाली तर तो गुन्हा नाही. हे संरक्षण अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीपुरते आहे, म्हणजे माझ्या धाकट्या भाच्याला इजा झाली असती, तर ती करणाऱ्याला ते लागू झालेच नसते. शिवाय जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, प्रकरण डॉक्टरांचे असले तरी, फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ठळक व गंभीर असावी लागते, असे म्हटले आहे. त्यामुळे झेंडाच न दिसलेल्या मागच्या चालकापेक्षा तो झेंडा ज्याच्या हाती होता आणि ज्याने त्याला न शिकवता उभे केले, त्यांच्याकडे बोट आधी जाईल. झेंडा पाहूनही कोणी वेग वाढवला असता, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९७ मध्ये बर्फावरील घसरणीच्या खेळात एका तरुणाने भरधाव येऊन दुसऱ्याला धडक दिली आणि तो मेला. २००० मध्ये त्या तरुणाला मृत्यूस कारणीभूत हयगयीबद्दल दोषी ठरवले गेले. 'धोक्याचा खेळ आहे' एवढे म्हणून तिथेही सुटका झाली नाही.

आता विम्याचे. बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून वगळले आहे, म्हणून अशा कार्टला ना आरटीओचा नंबर, ना त्या कायद्याने सक्तीचा केलेला तृतीय पक्ष विमा. आमच्याकडच्या शंकरपटाची गंमत पाहा: राज्याच्या २०१७ च्या कायद्यानंतर बैलजोड्या पळवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, धावेचे अंतर १००० मीटरच्या आत ठेवावे लागते, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. तळेगाव दशासरच्या पटात बैलाची जेवढी विचारपूस होते, तेवढी या ट्रॅकवर माणसाची होत नाही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहितो. मोकळ्या केसांच्या एका मुलीला त्यांनी केस बांधून, ओढणी काढून ठेवल्याशिवाय बसू दिले नाही. २०२० मध्ये हैदराबादजवळ गो-कार्टमध्ये केस अडकून एका विद्यार्थिनीचा जीव गेला होता, त्यामुळे ही सक्ती मोलाची आहे.

पाचपैकी अडीच तारे देतो, त्यांतले दोन ट्रॅकचे आणि अर्धा त्या ओढणीचा. निघताना मालकांची गाठ पडली. त्यांनी टायर बांधून घेण्याचे कबूल केले आणि विम्याचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. सही केलेल्या कागदाची प्रत मागितली, तेव्हा झेरॉक्स मशीन बंद असल्याचे कळले, म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. तुमच्याकडून सही घेतली जाईल तेव्हा तुम्हीही काढून घ्या, आणि बसण्यापूर्वी तिसऱ्या वळणावरचे टायर एकदा हलवून पाहा.