मायगव्ह: प्रश्नमंजूषा नंतर, आधी मसुदा उघडा

मायगव्ह हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ 26 जुलै 2014 पासून सुरू आहे. मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि वर्गात ते वापरते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सरकारच्या निर्णयात खरोखर शिरकाव मिळतो का, एवढ्याच कसोटीवर हा अभिप्राय आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

मुलं आपणहून गेली तर आधी प्रश्नमंजूषेकडे वळतात. पटापट उत्तरं, प्रमाणपत्र, ते लगेच स्टेटसला. माहिती वाढते, हरकत नाही, पण याला निर्णयातला सहभाग म्हणू नये. स्पर्धांमधून मात्र काही चांगलं निघालंय. स्वच्छ भारतचं चष्म्याचं बोधचिन्ह इथल्याच स्पर्धेतून आलं आणि ते कोल्हापूरच्या माणसाचं आहे, हे सांगितलं की वर्ग सावरून बसतो. तरीही, ठरलेल्या मोहिमेचं चिन्ह काढणं वेगळं आणि मोहीम कशी असावी हे आधी विचारलं जाणं वेगळं.

ते विचारणं होतं मसुद्यांवरच्या हरकती-सूचनांमध्ये. साडेतीन तारे त्यासाठीच दिलेत.

3 जानेवारी 2025 ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा आला आणि सूचना मायगव्हवर मागवल्या गेल्या. अठराच्या आतल्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी, हे 2023 च्या कायद्यातच आहे. ती घ्यायची कशी, ते मसुद्याच्या नियम 10 मध्ये होतं. म्हणजे नियम थेट माझ्या अकरावीच्या वर्गावरच. छापून नेला आणि वाचायला बसवलं. नियमाखाली उदाहरणं होती, 'सी' म्हणजे मूल, 'पी' म्हणजे पालक. वाचता वाचता एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आईचं अकाउंट मीच काढून दिलंय. तिचा ओटीपीसुद्धा मीच बघते. मग संमती नक्की कोणाची?" पुढचा सगळा तास त्यातच गेला. चौथ्या अनुसूचीत मुलांवर नजर ठेवण्याच्या बंदीतून शैक्षणिक संस्थांना शिकवण्यापुरती आणि सुरक्षिततेपुरती सूट दिली होती. तिथे वर्गात सरळ दोन तट पडले. एवढं मन लावून वाचलेलं मी पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत कधी पाहिलेलं नाही.

सूचना नियमवार द्यायच्या होत्या, हे मला फार आवडलं. अख्ख्या मसुद्यावर निबंध लिहायची गरज नाही. नियम 10 निवडा, चार ओळी लिहा, पाठवा. सोळा वर्षांच्या मुलाला हे जमतं.

आता तारे कुठे कापले ते सांगते. सूचनांची मुदत आधी 18 फेब्रुवारी होती, नंतर 5 मार्चपर्यंत वाढली. आपल्याकडे बारावीची बोर्डाची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली होती. ज्यांच्यावर नियम लागणार त्यांतली कितीतरी मुलं पेपर सोडवत होती! शिवाय राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत, तेही कायद्याच्या भाषेत. ग्रामीण भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला शिक्षक मधे नसेल तर पहिल्या पानावरच अडखळायला होतं. मुलांशी संबंधित मसुद्याचा दोन पानी मराठी गोषवारा सोबत द्यायला काय हरकत आहे?

मोठी कपात उत्तराच्या बाबतीत. चर्चेच्या विभागात इतरांचे अभिप्राय सगळ्यांना दिसतात. या मसुद्यावरच्या सूचना मात्र उघड केल्या जाणार नाहीत, असं आधीच सांगितलेलं होतं. मोकळेपणाने लिहिता यावं हा हेतू मला पटतो. पण नोव्हेंबर 2025 मध्ये अंतिम नियम आले, एकूण 6,915 सूचना आल्याचं सरकारने सांगितलं, आणि पालकांच्या संमतीची अट कायम राहिली. या आकड्याने मुलांचं समाधान होत नाही. कोणता मुद्दा घेतला, कोणता नाकारला आणि का, हे नियमवार त्यांच्यासमोर यायला हवं. मसुदा किमान 30 दिवस खुला ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा, असं केंद्राचं 2014 चं धोरणच सांगतं. त्या गोषवाऱ्यात मुलांच्या सूचनांना वेगळी जागा मिळाली, तर मी उरलेला दीड तारा आनंदाने देईन.

शिक्षकांनी वर्गात वापरायचं असेल तर मुलांना नुसती लिंक देऊ नका. त्यांच्या रोजच्या जगण्याला भिडणारा एकच नियम निवडा, छापून वाटा, आणि सूचना त्यांच्याच शब्दांत जाऊ द्या, तुम्ही सुधारत बसू नका.